चार भाषांचा ताईत

गेल्या महिन्यात आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर फिरला. ‘दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होत नाही, हैदराबादच्या डॉक्टरांनी सिद्ध केलं.’ खाली लगेच प्रतिक्रिया. एकाने लिहिलं, मग सोलापूरकरांना काय भीती, आपल्याला तर चार येतात. दुसऱ्याने लिहिलं, मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, चौकार! हसरे चेहरे, टाळ्या. मीही एखादा अंगठा दाखवून पुढे गेले असते. पण माझ्या अब्बांना या चारही भाषा येत होत्या, आणि साठी गाठायच्या आत त्यांचे शब्द जायला लागले होते.

म्हणून आधी त्या मजकुराचा हिशेब करते. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ साली निष्कर्ष छापला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, अगदी शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतसुद्धा. उशिरा. ‘होत नाही’ असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. सगळे रुग्णच होते ते! आजार झाला म्हणूनच तर त्यांच्या नोंदी तिथे होत्या.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. त्याच डॉक्टरांनी पुढे, २०१७ साली, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या एकाच आजाराचे रुग्ण वेगळे काढून पाहिले. या आजारात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग झिजत जातो, आणि बहुतेकदा तो पंचेचाळीस ते पासष्ट या वयात गाठतो. त्याचे ढोबळ दोन चेहरे आहेत. एकात माणसाचं वागणं बदलतं, दुसऱ्यात बोलणं. वागणं बदलणाऱ्या प्रकारात दोन भाषावाल्यांना आजार सहा वर्षांच्या आसपास उशिरा झालेला दिसला. बोलणं बिघडवणाऱ्या प्रकारांत तसा काहीच फरक दिसला नाही. एकभाषी असो की चौभाषी, वय तेच. हा दुसरा निष्कर्ष व्हॉट्सॲपवर कुणी फिरवत नाही. चार भाषांचा ताईत दंडाला बांधून आपण मोकळे.

मी तर याच्याही पुढे जाऊन म्हणते, की आमच्या घरात चार भाषांनी अब्बांना वाचवलं नाही, त्यांचा आजार लपवला.

अब्बा यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की त्यांना बोलावणं यायचं. मालक पद्मशाली, त्यांच्याशी तेलुगू. अक्कलकोटकडून आलेले कामगार, त्यांच्याशी कानडी. बाजारात मराठी. घरात आमची दखनी, जिला शाळेत मी उर्दू म्हणत नव्हते. २०१६-१७ च्या सुमाराला त्यांच्या बोलण्यात तेलुगू शब्द वाढले. धोटा म्हणायच्या जागी काहीतरी तेलुगू, कांडीच्या जागी कानडी. आम्ही हसायचो. सोलापुरात हे रोजचंच आहे, एका वाक्यात तीन भाषा नसतील तर माणूस पुण्याचा वाटतो. एखाद्या एकभाषी घरात बाप शब्दाला अडला असता तर तो अडलेला दिसला असता. आमचे अब्बा अडले की शेजारच्या भाषेतून शब्द उसना आणत होते, आणि आम्ही म्हणत होतो, काय तल्लख डोकं आहे! दीड-दोन वर्षं अशी गेली.

मग उसने शब्दही संपले. सगळ्या वस्तूंचं नाव ‘वो चीज’ झालं. बोलणं मात्र धो धो. वाक्यं पूर्ण, सूर तोच, थट्टा तीच. फक्त वाक्यातून नामं गळून गेलेली. एकदा अम्मी म्हणाली, सांडशी द्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “सांडशी? सांडशी क्या होती?” हा प्रश्न नीट ऐका. शब्द ओठावर येऊन अडणं निराळं, ते आपल्या सगळ्यांचं होतं. इथे शब्द दुसऱ्याने उच्चारून समोर ठेवला होता, तरी त्याच्या आत काहीच उरलं नव्हतं. वस्तू हातात दिली तरी ती कशासाठी असते हे कळत नव्हतं. डॉक्टरी भाषेत याला सिमँटिक प्रकार म्हणतात, म्हणजे जिभेचं काही बिघडलेलं नसतं, अर्थाचं कोठार रिकामं होत जातं. दुसऱ्या एका प्रकारात नेमकं उलटं होतं: अर्थ शाबूत, पण बोलताना दमछाक, शब्द तुटक, व्याकरणाचे सांधे निखळलेले. तिसरा एक प्रकार आहे, ज्यात माणूस शब्द शोधत थांबत राहतो आणि लांब वाक्य पुन्हा म्हणू शकत नाही. त्याच्या मुळाशी बहुधा अल्झायमर असतो. प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली वाचा हरवत गेलेल्या एका ७१ वर्षांच्या माणसाची नोंद केली, तेव्हापासून हे वैद्यकाला ठाऊक आहे. आपल्याकडच्या छापील बातम्यांत ते आलं २०२३ साली, ब्रूस विलिस या हॉलिवूडच्या नटामुळे.

आमच्या घरात ते आलं २०१८ च्या बकरी ईदला. आठ दिवस आधी भाईजानने बकरा आणून दारात बांधला. अब्बा बाहेर आले, पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, “कुत्ता कायकू बांदे घरमें?”

गल्लीत चार माणसं उभी होती. कुर्बानीच्या जनावराला कुत्रा! कुणी हसलं, कुणी तौबा म्हटलं. चाचा तर असे भडकले की ईदच्या जेवणाला आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, “कुत्तेकू चारा डालो.” त्यात टवाळी नव्हती, चिडही नव्हती. आज मला माहीत आहे की या आजारात बारीक भेद आधी पुसले जातात आणि सगळ्यांत ओळखीचा शब्द शिल्लक राहतो. बकरा, मेंढी, गाढव, सगळं जाऊन चार पायांचं काहीही ‘कुत्ता’ होतं. तेव्हा माहीत नव्हतं. घरात ठरलं, की असर झालाय.

आमच्या समाजाला मला इथे स्पष्ट बोलायचं आहे, आणि कुणाला झोंबलं तर झोंबू दे. दम केलेलं पाणी झालं, तावीज झाला, एका आमिलने एकवीस दिवसांचा अमल सांगितला आणि त्याचे पैसे घेतले. सहा महिने गेले. ज्यांना विचारलं ते म्हणत, अहो, पाच वक्त नमाज बरोबर पढतात, सूरह एक अक्षर चुकत नाही, मग डोक्याचं दुखणं कसं असेल? हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय! लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं पाठांतर मेंदूत वेगळ्या वाटेने टिकतं. आकडे, वार, प्रार्थना, गाणी, शिव्यासुद्धा. बकऱ्याला कुत्रा म्हणणारा माणूस सूरह फातिहा बिनचूक म्हणू शकतो. मराठी घरांतही हेच होतं, फक्त तिथे ‘रामरक्षा म्हणतात की’ असं म्हटलं जातं. नमाज बरोबर म्हणजे माणूस बरोबर, हे समीकरण आपण सोडलं पाहिजे. दवा करा, हे तर आपल्याला हुजूरांनीच (स.) सांगून ठेवलंय. मग दवाखान्याची पायरी शेवटची का?

दुसरा गोंधळ स्मरणशक्तीचा. स्मृतिभ्रंश म्हटलं की लोकांना ‘अस्तु’ सिनेमातले शास्त्री आठवतात, हत्तीमागे चालत जाऊन हरवलेले. (त्यात त्यांना सांभाळणारी माहुताची बायको कानडी बोलते, हे सोलापूरकर म्हणून मला फार आवडलं होतं.) पण तो अल्झायमर. अब्बांना विजापूर वेशीचा रस्ता पाठ होता. कुणाकडे किती उसने, भाडं कुठल्या तारखेला, काल कोण आलं होतं, सगळं लक्षात. त्यामुळे जो तो म्हणायचा, याददाश्त तर माझ्यापेक्षा चांगली आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्दच इथे दिशाभूल करतो. भ्रंश स्मृतीचा नव्हता.

आता दवाखान्याची गोष्ट. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडतं असं मला वाटत नाही. एका मोठ्या शहरात नेलं. तपासणाऱ्या बाई चांगल्या होत्या, घाईतही नव्हत्या. त्यांनी विचारलं, घरात काय बोलता? मी, उर्दूची शिक्षिका, ऐटीत म्हणाले, उर्दू. झालं. त्यांनी शुद्ध हिंदीतून तपासणी सुरू केली, उर्दू म्हणजे जवळजवळ तेच म्हणून. चित्रं दाखवली, त्यातल्या निम्म्या वस्तू अब्बांनी आयुष्यात कधी हाताळलेल्या नव्हत्या. मग सकाळपासून काय काय केलं ते सांगा म्हटलं. अब्बा म्हणाले, “मैं उठ्या, मैं चाय पिया, मैं वो चीज खाया.” बाईंनी कागदावर लिहिलं: व्याकरण बिघडलेलं. ‘ने’ नाही, क्रियापद कर्माप्रमाणे चालत नाही. निदान त्या दिशेला गेलं, तुटक बोलण्याच्या प्रकाराकडे.

अहो, पण दखनीत ‘ने’ नसतोच! प्रमाण उर्दूत ‘मैंने रोटी खाई’, आमच्याकडे ‘मैं रोटी खाया’. ती चूक नाही, ते दखनीचं व्याकरण आहे. शेजारच्या कानडी-तेलुगूत ‘ने’ हा प्रकारच नाही, आणि मराठीतसुद्धा ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना मी ‘ने’शिवायच बसतो. अब्बांचे अब्बा असंच बोलत, त्यांचेही. इथून शंभर किलोमीटरवर विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने याच दखनीत ‘किताब-ए-नवरस’ लिहिली, तेव्हा दिल्लीच्या दरबारात फारसी चालत होती. चारशे वर्षांच्या भाषेला एका कागदावर रोग ठरवलं गेलं. आणि जो खरा रोग होता, ‘वो चीज’, तो गडबडीत निसटला.

बाईंना मी दोष देऊ शकत नाही, कारण तोच लाल पेन मी वर्गात वीस वर्षं चालवलाय. मुलं लिहितात ‘मैंच गया’, मी ‘च’ खोडते. मुलं म्हणतात ‘नक्को’, मी म्हणते ‘नहीं चाहिए’ बोलो. ‘हौ’ला ‘जी हाँ’, ‘लोगां’ला ‘लोग’. घरी अब्बांनाही सुधारायचे, पाहुण्यांसमोर तर हमखास. ते हसून गप्प बसायचे. त्यांचं बोलणं मला कायमच थोडं चुकीचं वाटत आलं होतं, म्हणून ते खरोखर चुकायला लागलं तेव्हा मला ऐकू आलं नाही. लेक उर्दूची शिक्षिका, आणि बापाचे शब्द जातायत हे तिला दोन वर्षं कळत नाही. मराठीच्या तासालाही मी वेगळं काय करते? सोलापुरी मुलगा ‘हौ की’ म्हणाला की त्यालाही पुण्याच्या रांगेत उभं करते. आपण शिक्षक लोक भाषा शिकवतो कमी, लाज जास्त शिकवतो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. तिथे शिकाऊ डॉक्टर मुलगी गुलबर्ग्याची निघाली. तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, “चच्चा, कामपे क्या करते थे तुमे?” मी फोनमधला एक जुना तुकडा तिला ऐकवला. भाच्याच्या शाळेच्या प्रकल्पासाठी २०१५ साली केलेलं रेकॉर्डिंग, अब्बा त्यात माग कसा चालतो ते समजावून सांगतायत, धोटा, कांडी, फणी, ताणा, जकार्ड. तिने एकेक शब्द उचलून त्यांना विचारला. धोटा क्या होता? अब्बा म्हणाले, “धोटा? मालूम नै. खाते क्या उसकू?” ज्या माणसाने चाळीस वर्षं धोटे बसवले! मला तिथे बसवेना. पण दहा मिनिटांत त्या मुलीला कळलं होतं की व्याकरण जागच्या जागी आहे, वाक्यं २०१५ सारखीच आहेत, गेलाय तो अर्थ. मग एमआरआयची चित्रं पुन्हा त्या नजरेने पाहिली गेली. डावं कानशील पुढच्या बाजूने आक्रसलेलं होतं.

निदान बदललं म्हणून आजार बरा झाला नाही. त्यावर औषध नाही. पण अल्झायमरच्या धर्तीवर दिलेली एक गोळी बंद झाली, जिचा या आजारात उपयोग दिसत नाही आणि कधीकधी चिडचिड वाढते. घरात भांडण थांबलं. ‘मुद्दाम करतात’ हे थांबलं. चाचा येऊन त्यांच्या शेजारी बसले. नाव विचारून परीक्षा घेण्याऐवजी आम्ही वस्तू हातात द्यायला लागलो. हे थोडं नाही. ते सहा महिने आणि ते एक वर्ष आम्हाला आधी मिळालं असतं, एवढंच माझं भांडण आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या कागदात विचारली गेली नाही. अब्बा दुकानांच्या मराठी पाट्या मोठ्याने खडखडीत वाचायचे, अर्थ कळत नसला तरी. उर्दू अखबार मात्र हातात घेऊन अडखळायचे, भलतेच उच्चार करायचे. मी ते डोळ्यांच्या नावावर टाकलं, चष्मा बदलला. पण विचार करा. देवनागरीत प्रत्येक मात्रा लिहिलेली असते, अक्षर ओळखलं की उच्चार आला. उर्दूत जबर, जेर, पेश बहुधा लिहीतच नाहीत, शब्द आधीच माहीत असेल तरच नीट वाचता येतो. जपानी डॉक्टरांनी १९४० च्या दशकातच असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांना कांजी ही चिन्हांची लिपी वाचता येईना पण काना ही उच्चारांची लिपी येत होती. एका घरात दोन लिप्या असणं ही चालतीबोलती तपासणी होती, फुकटातली. मी एका माणसावरून शास्त्र सांगत नाही. पण दोन्ही लिप्या शिकवणाऱ्या बाईला तरी हे खटकायला हवं होतं.

आता व्यवस्थेकडे. आयसीएमआरने स्मृतिभ्रंशाच्या तपासणीचा भारतीय संच तयार केला, चांगलं काम आहे. सुरुवातीला तो ज्या पाच भारतीय भाषांत पक्का केला त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. गंमत पाहा. माझ्या अब्बांची तपासणी त्यांच्या मालकाच्या भाषेत होऊ शकली असती, कामगारांच्या भाषेत होऊ शकली असती, बाजाराच्या आणि घराच्या भाषेत नाही. कुणी म्हणेल, दखनीसाठी वेगळा संच? उद्या अहिराणी मागाल, परवा वऱ्हाडी. हो, मागणार. रक्त तपासायला भाषा लागत नाही, पण जिथे भाषाच तपासायची आहे तिथे चुकीच्या भाषेत तपासणी म्हणजे दुसऱ्याच माणसाचं रक्त काढणं. मुंबईत १९८३ पासून वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिला नाव आहे अली यावर जंग यांचं, महाराष्ट्राचे राज्यपाल आणि मूळचे हैदराबादचे. त्या नावाच्या संस्थेकडे तरी दख्खनच्या बोलीचं गाऱ्हाणं न्यायला संकोच वाटू नये.

आणि कायदा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या यादीतल्या २१ प्रकारांत ‘वाचा व भाषा अक्षमता’ आहे, आणि तिच्या व्याख्येत अफेजिया, म्हणजे मेंदूच्या आजाराने भाषा जाणं, नाव घेऊन लिहिलेलं आहे. तरी आम्ही प्रमाणपत्रासाठी गेलो तेव्हा टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, बोलतायत की चांगले, जीभ तर ठीक आहे. मी कायद्याची छापील प्रत पुढे केली. त्यांनी ती दोन वेळा वाचली आणि म्हणाले, असं पण असतं का! तीन फेऱ्या लागल्या. तुम्हाला लागू नयेत म्हणून सांगते, ती प्रत सोबत न्या.

अब्बांचे शब्द पुढे संपतच गेले. शेवटच्या वर्षात ‘हौ’ उरलं होतं. कशालाही हौ. तेच ‘हौ’ जे मी वह्यांतून खोडत होते.

हे सगळं मी त्या व्हॉट्सॲप गटावर थोडक्यात लिहिलं. गट शांत झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी काही बोललं नाही. रात्री उशिरा एका सहकारी बाईंचा वेगळा निरोप आला: सासूबाई ५९ च्या आहेत, वर्षभर सगळ्या भाज्यांना ‘ते हिरवं’ म्हणतात, वयाने असेल ना? मी विचारलं, घरात कुठल्या भाषेत बोलतात? त्यांनी लिहिलं, माझ्याशी मराठी, पण त्यांच्या बहिणीशी कानडी. मी म्हटलं, मग बहिणीला बोलावून घ्या आणि दोघींना भाजी निवडायला बसवा. शनिवारी फोन घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.